ग्रुपवर फक्त पक्ष्यांविषयीच बोलावे

पक्षीनिरीक्षण हा अबोल माणसांचा छंद आहे असं बाहेरच्यांना वाटतं. भल्या पहाटे उठायचं, मातकट रंगाचे कपडे चढवायचे, गळ्यात दुर्बीण अडकवायची आणि कुठल्याशा तळ्याकाठी तास-दोन तास तोंडातून अवाक्षर न काढता उभं राहायचं, असं त्याचं बाह्यरूप असल्यामुळे हा समज टिकून आहे. पण दोन तास गप्प राहिलेला माणूस घरी येऊन चहाचा कप आणि मोबाइल हातात घेतो, तेव्हा सगळी थकबाकी व्याजासकट वसूल करतो. त्याची सोय म्हणून महाराष्ट्रात ठिकठिकाणी पक्षिमित्रांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत. या ग्रुपना लगाम असावा का, आणि असावा तर तो कोणाच्या हाती, हा वाद त्या ग्रुपवर इतक्या हिरिरीने घातला जातो की तेवढ्या वेळात माळावरचे सगळे चंडोल मोजून झाले असते. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: लगाम हवा. मात्र त्यासाठी सहसा जे कारण दिलं जातं ते मला पटत नाही. वाईट माणसांचा बंदोबस्त करायला अ‍ॅडमिन लागतो, असं म्हणतात. अहो, वाईट माणसं छंदाच्या ग्रुपकडे फिरकतच नाहीत. वटवट्याच्या शेपटीची लांबी या विषयात त्यांना मिळण्यासारखं काही नसतं. छंदाचा ग्रुप सांभाळायचा असतो तो चांगल्या, प्रेमळ, उत्साही आणि नुकत्याच निवृत्त झालेल्या माणसांपासून.

अशा ग्रुपवरचा एक साधा दिवस बघा. सहा वाजता दवात भिजलेल्या गुलाबाखाली सुविचार येतो. गुलाब हा पक्षी नव्हे, असं सांगण्याइतकं त्या वेळी कोणी जागं नसतं. पावणेआठला एक सदस्य फोटो टाकतो: पांढरं आभाळ, पान न् पान मोजता येईल अशी सुबाभळीची फांदी, आणि तिच्या टोकाला एक काळपट आकृती. खाली ओळ, 'आयडी प्लीज'. पहिलं उत्तर दहा सेकंदांत, 'शिक्रा'. दुसरं, 'पावशा वाटतो'. तिसरं, 'घार'. चौथं, 'मस्त क्लिक, सर! कॅमेरा कोणता?' तिथून गाडी लेन्सच्या किमतीवर जाते. तेवढ्यात कोणाला तरी आठवतं की आज ग्रुपमधल्या एका काकांचा वाढदिवस आहे, आणि केकांची रांग लागते. अकराच्या सुमारास, ज्याला खरंच कळतं असा एक सदस्य ऑफिसातून चोरून उत्तर देतो: फोटो उजळून बघा, पावशाच आहे, चोच शिक्र्यासारखी आकडेबाज नाही, डोळ्याभोवती पिवळं कडं आहे, आणि शिक्र्यासारखं दिसण्यातच त्याचा फायदा आहे, कारण त्याला सातभाईंच्या घरट्यात स्वतःचं अंडं सरकवायचं असतं. तीन ओळींत एका तासाचं व्याख्यान! पण ते चॉकलेटचा केक आणि पुष्पगुच्छ यांच्या मधोमध पडतं. काका सगळ्यांचे नावानिशी आभार मानतात. संध्याकाळी फोटो टाकणारा सदस्य तोच फोटो पुन्हा टाकतो आणि लिहितो, 'सकाळपासून कोणीच सांगितलं नाही.'

या सगळ्यात दोषी कोण? कोणीच नाही, आणि गोम नेमकी तिथेच आहे. व्हॉट्सअ‍ॅपने 2016 साली ग्रुपची मर्यादा 256 केली, 2022 मध्ये आधी 512 आणि मग 1024. सदस्य 365 झाले की दिवसाला सरासरी एक वाढदिवस येतो, हे समजायला गणितज्ञ लागत नाही. भरलेल्या ग्रुपात तो जवळजवळ तीनदा येतो. पाचातल्या एकानेच शुभेच्छा द्यायच्या ठरवल्या तरी दिवसाला पावणेसहाशे संदेश होतात, आभाराचे वेगळे. प्रत्येकाने फक्त एकदा, सौजन्य म्हणून, दोन शब्द लिहिलेले असतात. असा एकही संदेश नाही ज्याच्याकडे बोट दाखवून 'हा उद्धटपणा आहे' असं म्हणता येईल. सुजाण माणसांनी आपणहून तारतम्य ठेवावं, अ‍ॅडमिनची भानगड कशाला, असं म्हणणारे इथेच चुकतात. तारतम्य सगळे ठेवतातच. फक्त प्रत्येकाला आपला संदेश अपवाद वाटतो. त्यात श्रद्धांजलीचा विषय आला की तारतम्यही हात टेकतं. 'भावपूर्ण श्रद्धांजली' थांबवा असं म्हणण्याची हिंमत कोणात नसते, आणि गडबडीत तिच्यावर कोणी तरी वर केलेला अंगठा ठेवून जातो.

लगाम नको म्हणणाऱ्यांच्या मनात एक चित्र असतं: अ‍ॅडमिन नाही म्हणजे सगळे सारखे, सगळे मोकळे. पंगतीत वाढपी ठेवला नाही तर समता येत नाही; ज्याच्या पुढ्यात जिलबीचं ताट आलं त्याचं राज्य येतं, आणि टोकाला बसलेला मुकाट्याने वरणभात संपवून उठतो. ग्रुपमध्ये जिलबीचं ताट म्हणजे मोकळा वेळ. ज्याच्याकडे तो जास्त, त्याचं मत जास्त वेळा दिसतं, आणि जे जास्त वेळा दिसतं ते बरोबर असणार असं नवख्याला वाटतं. पावशाची चोच ओळखणारा माणूस दिवसातून एकदा, ऑफिसातून चोरून येतो. 'शिक्रा' असं दहा सेकंदांत सांगणारा दिवसभर हजर असतो. दोघांना एकसारखी मोकळीक द्या, आणि बघा महिनाभरात त्या तालुक्यात पावशा नामशेष होऊन शिक्र्यांची संख्या किती वाढते ते.

शिवाय या मोकळिकीची किंमत दिसत नाही. पूर्वी कोणी ग्रुप सोडला की ते सगळ्यांच्या देखत जाहीर व्हायचं, आणि त्यावरही चाळीस संदेश यायचे: काय झालं, कोणी दुखावलं, परत घ्या. 2022 पासून माणूस गुपचूप निघून जाऊ शकतो; सूचना फक्त अ‍ॅडमिनला मिळते. भांडून जाणारे पुष्कळदा परत येतात, भांडण अर्धवट राहिलेलं असतं म्हणून. गुपचूप जाणारे मात्र येत नाहीत, आणि केकांच्या रांगेला कंटाळून गुपचूप जाण्याइतका शहाणपणा ज्यांच्याकडे असतो, तेच बहुधा पक्षी ओळखणारे असतात. उरलेल्यांना वाटतं, ग्रुप छान चाललाय, संदेश तर वाढतच आहेत.

कोणी म्हणेल, हे सगळं मोबाइलचं खूळ. पूर्वीच्या छंदिष्टांना कुठे लागत होते पहारेकरी? लागत होते. नव्हते तेव्हा काय झालं त्याची नोंद आहे. इंग्लंडात हेस्टिंग्ज नावाच्या समुद्रकाठच्या गावाच्या आसपास 1892 ते 1930 या काळात दुर्मीळ पक्ष्यांची अक्षरशः रीघ लागली होती. सबंध देशाला जे पक्षी चुकूनमाकून दिसत, ते या गावाला लागोपाठ दर्शन देत. आणि गंमत म्हणजे त्यांतले पुष्कळसे गावातल्या एका बंदूकवाल्याच्या दुकानात येऊन पोचत, जो पक्ष्यांत पेंढा भरून विकायचा धंदाही करत असे. लोक कौतुक करत राहिले. शंका घेणं सभ्यपणाला धरून नव्हतं. अखेर 1962 च्या ऑगस्टमध्ये 'ब्रिटिश बर्ड्‌स' या मासिकाने संख्याशास्त्राच्या आधारे हिशेब मांडला आणि त्या देशाच्या अधिकृत यादीतून 29 जाती-उपजाती एका दमात गळाल्या. त्याच्या तीनच वर्षं आधी, 1959 मध्ये, तिथे दुर्मीळ नोंदी तपासण्यासाठी दहा जणांची समिती बसली होती. लोक त्यांना आजही चेष्टेने 'दहा दुर्मीळ माणसं' म्हणतात. या दहांचं काम काय? छंद म्हणून पक्षी पाहणाऱ्याला, पगार न घेता, नम्रपणे विचारणं: पाय कोणत्या रंगाचे होते? उजेड कुठून येत होता? सोबत आणखी कोण होतं? हे प्रश्न ज्याला विचारले जातात त्याला ते पोलिसी वाटतात, हे खरं. पण यादीतून गळालेले बहुतेक पक्षी पुढे नव्या, पक्क्या नोंदींच्या आधारावर यादीत परत आले. तपासणीने त्यांचं काहीच नुकसान झालं नाही. नुकसान झालं ते दुकानाचं, आणि दुकानदार तोवर फारच पुढे निघून गेला होता.

दुसरं उदाहरण आपल्या घरचं आहे आणि ते मला जास्त झोंबतं. रानपिंगळा हे छोटं घुबड 1884 नंतर कोणालाच सापडलं नव्हतं. अपवाद एक: कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या इंग्रज गृहस्थांनी आपल्याला तो 1914 मध्ये गुजरातेत मांडवीला मिळाल्याचं सांगितलं होतं. कर्नलसाहेबांचा दबदबा मोठा. त्यांना 'फोटो आहे का?' असं विचारणार कोण? फोटो नव्हताच; पेंढा भरलेला पक्षी मात्र होता, आणि पुरावा म्हणून तो पुरेसा वाटला. त्यांच्या नोंदीवर भरवसा ठेवून नंतरच्या लोकांनी नको त्या मुलखात शोध घेतला. पुढे पामेला रासमुसेन आणि निजेल कॉलर यांनी छडा लावला तेव्हा कळलं की तो पक्षी कर्नलसाहेबांनी चक्क लंडनच्या संग्रहालयातून लांबवला होता, त्याची डागडुजी केली होती आणि त्याला नवी चिठ्ठी बांधली होती; मुळात तो जेम्स डेव्हिडसन यांनी 1880 च्या दशकात मिळवलेला होता. डेव्हिडसन खानदेशात नोकरीला होते. म्हणजे पत्ता पहिल्यापासून खानदेशचाच होता. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या तिघांनी कर्नलची नोंद बाजूला ठेवून जुन्या, खऱ्या नोंदींचा माग काढला, आणि 1997 च्या नोव्हेंबरमध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, रानपिंगळा भर दिवसा झाडावर बसलेला सापडला. 113 वर्षांनी! आता विचार करा, वेळच्या वेळी कोणी तरी 'सर, जरा तपशील द्याल का?' एवढं विचारलं असतं तर? फॉरवर्ड केलेल्या खोट्या संदेशाचा त्रास आपण व्हॉट्सअ‍ॅपच्या नावे लिहितो. तो त्याहून पुष्कळ जुना आहे. फक्त पूर्वी तो कर्नल हुद्द्याच्या माणसाकडून यायचा, आता 'हा पक्षी बारा वर्षांतून एकदाच दिसतो, पुढे पाठवा' या मथळ्याखाली, संगणकाने रंगवलेल्या पिसांसकट येतो.

तपासणी म्हणजे तोंड दाबणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी 'ईबर्ड'ची पद्धत जरूर पाहावी. 2002 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने ऑडबन सोसायटीबरोबर सुरू केलेली ही नोंदवही आज आपल्याकडचेही हजारो लोक भरतात. तुम्ही तुमच्या गावी, त्या महिन्यात, अनपेक्षित असा पक्षी नोंदवला किंवा एकदम पाचशे टिटव्या लिहिल्यात, तर यंत्र लगेच विचारतं: नक्की का? वर्णन लिहा. मग त्या भागातला एक स्वयंसेवक ती नोंद पाहतो आणि गरज पडली तर तुम्हाला पत्र पाठवतो. पटलं नाही तर? या पद्धतीतली खरी नजाकत इथे आहे. तुमची नोंद पुसली जात नाही. तुमच्या स्वतःच्या यादीत तो पक्षी आयुष्यभर सुखाने नांदतो. फक्त जगाच्या नकाशावर आणि संशोधकांच्या आकड्यांत तो येत नाही. माणसाचा आनंद त्याच्यापाशी, सार्वजनिक ज्ञान सार्वजनिक. माझ्या मते अ‍ॅडमिनगिरीचं सगळं शास्त्र या एका युक्तीत आहे. काकांना केक द्यायला कोणाची हरकत नाही. तो काकांच्या खासगी नंबरावर द्यावा, म्हणजे काकांनाही तो आपल्यासाठी आहे असं वाटेल.

आणि काही वेळा प्रश्न फक्त गोंगाटाचा राहत नाही. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की कोकणात तिबोटी खंड्या येतो. मुठीत मावेल एवढा, आणि रंगपेटीतले बहुतेक रंग अंगावर. ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ कोरून तो पिल्लं वाढवतो. एका भल्या माणसाला ते बीळ दिसतं. त्याला इतका आनंद होतो की तो ग्रुपवर फोटो टाकतो, आणि कोणी विचारायच्या आत, इतरांनाही आनंद मिळावा या निर्मळ हेतूने, नकाशावरची खूण टाकतो. पुढच्या रविवारी त्या ओढ्यावर तिवयांचं जंगल उभं राहतं. आईबाप चोचीत सरडा धरून समोरच्या फांदीवर ताटकळतात, कारण बिळाच्या तोंडाशी चाळीस हजारांची लेन्स आहे. घुबडांची गोष्ट याहून वाईट. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यापायी त्यांना कसलं गिऱ्हाईक मिळतं ते उघड गुपित आहे. म्हणून जाणत्या ग्रुपवर घरट्याचे फोटो आणि नेमकी जागा टाकायला बंदी असते, आणि ईबर्डही धोक्यातल्या जातींची जागा लोकांपासून झाकून ठेवतं. 'माहिती सगळ्यांसाठी खुली हवी' हे तत्त्व थोर आहे. पण ज्याच्याविषयीची माहिती खुली होणार, तो या ग्रुपचा सदस्य नसतो, आणि त्याच्या वतीने 'नको' म्हणायला कोणी तरी नेमलेला लागतो. ग्रुपवर पक्ष्यांविषयीच बोलावे या नियमाइतकाच, पक्ष्यांविषयी सगळंच बोलू नये हाही नियम लागतो.

आता दुसरी बाजू. अ‍ॅडमिन ही सत्ता आहे, आणि सत्ता डोक्यात जाते, हा आक्षेप मला अगदी मान्य आहे. ग्रुपचं चित्र बदलण्यापलीकडे ज्याला आयुष्यात कधी अधिकार मिळाला नाही, तो माणूस मिळालेला अधिकार काटकसरीने वापरेल अशी अपेक्षा ठेवणं चूक. सकाळी सात ते नऊ फोटो, नऊ ते दहा शंका, फोटोला कमाल एक अंगठा, मराठी नावाशिवाय इंग्रजी नाव नको, इंग्रजी नावाशिवाय मराठी नाव नको, असं सतरा कलमांचं संविधान तो दर सोमवारी टाकतो, आणि ग्रुपवरचा सर्वांत लांब, सर्वांत विषयाबाहेरचा संदेश तोच ठरतो. पण या सत्तेचा आवाकाही बघा. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल अ‍ॅडमिनला आरोपी करता येईल का, असा प्रश्न गोंदियातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आला होता. 2021 मध्ये न्यायालयाने सांगितलं की आधी संगनमत असल्याचं दिसत नसेल तर निव्वळ अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येणार नाही, कारण सदस्य घेणं आणि काढणं यापलीकडे त्याच्या हातात फारसं काही नसतं. ही गोष्ट प्रत्येक अ‍ॅडमिनला पहिल्याच आठवड्यात कळते; त्याला मानायला जड जाते, एवढंच. 2022 मध्ये दुसऱ्याचा संदेश पुसण्याची सोय त्याला मिळाली खरी, पण पुसलेल्या संदेशाच्या जागी अ‍ॅडमिनने पुसल्याची पाटी राहते, आणि तिथे काय होतं याची उत्सुकता मूळ संदेशाला कधीच लाभली नसती इतकी असते.

खरा धोका हुकूमशाहीपेक्षा शुकशुकाटाचा आहे. 2018 मध्ये 'फक्त अ‍ॅडमिनच संदेश पाठवू शकतील' अशी कळ व्हॉट्सअ‍ॅपने दिली, आणि वैतागलेल्या अनेक अ‍ॅडमिनांनी ती दाबली. ग्रुप एका क्षणात आदर्श झाले. केक नाही, गुलाब नाही, शिक्रा नाही, पावशाही नाही. अ‍ॅडमिन रोज आपला एक फोटो टाकतात. त्याला उत्तर देता येत नसल्यामुळे लोक अंगठा दाखवतात आणि तिथून निसटतात. छंद हा मुळात दुसऱ्याला दाखवण्यासाठी असतो. भिगवणला रोहित पाहिल्यावर मनात जे उचंबळतं ते नुसतं 'रोहित, 340, सकाळी 7.15' एवढ्यात मावत नाही. तिथल्या मासळीच्या जेवणाचा उल्लेख झाल्याशिवाय ती नोंद पुरी झाली असं कोणाला वाटत नाही. विषयांतरात ओळखी होतात आणि ओळखी झाल्या की रविवारी एका गाडीत चौघं जातात, हेही खरं. म्हणून विषयांतराला बंदी घालू नये, जागा द्यावी. शेजारी 'कट्टा' नावाचा दुसरा ग्रुप उघडावा. तिथे केक, गुलाब, श्रद्धांजली, लेन्सच्या किमती आणि मासळी यांना मुक्तद्वार असावं. दोन्ही ग्रुपात माणसं तीच राहतील. फक्त पावशाचं उत्तर शोधायला केकांचा डोंगर उपसावा लागणार नाही, आणि केक पाहायला आलेल्याला पावशाची चोच आडवी येणार नाही.

नवख्यांचं काय, असा एक प्रेमळ प्रश्न राहतो. शिस्तीने ते बिचकतील, असं म्हणतात. माझ्या मते शिस्तीची गरज सर्वांत जास्त त्यांनाच असते, आणि तीही जाणकारांपासून. वर्षातून कित्येकदा कोणी तरी नवखा धावत येतो: तपकिरी अंग, पांढरे ठिपके, लाल डोळा, आमच्या शेवग्यावर अत्यंत दुर्मीळ पक्षी! ती कोकिळेची मादी असते. कुहू करणारा काळा पक्षी नर असतो हे शाळेत कोणी सांगितलेलं नसतं, आणि कवींनी तर आपल्याला उलटंच शिकवलं आहे. आता या नवख्याला तीन प्रकारची उत्तरं मिळू शकतात. 'वा, दुर्मीळच!' हे एक. 'हेसुद्धा माहीत नाही? आधी पुस्तक वाचा,' हे दुसरं. आणि बेलगाम ग्रुपवर हेच लवकर येतं, कारण खवचटपणाला टायपिंग कमी लागतं. 'ही कोकिळेची मादी. आता जवळपास कावळ्याचं घरटं आहे का बघा,' हे तिसरं. पहिल्या उत्तराने नवखा तसाच राहतो, दुसऱ्याने निघून जातो, तिसऱ्याने घराबाहेर पडून कावळे मोजायला लागतो. अ‍ॅडमिनने दुसऱ्या उत्तराचा समाचार खासगीत घ्यावा, चारचौघांत नव्हे. तज्ज्ञ माणूस हा जमिनीवर अंडी घालणाऱ्या टिटवीपेक्षाही लवकर बिथरतो.

राहता राहिला प्रश्न अ‍ॅडमिनवर अ‍ॅडमिन कोण, हा. त्याचं उत्तर त्या दहा जणांच्या समितीने देऊन ठेवलं आहे: तिथली माणसं ठरावीक काळाने बदलतात, आणि खुर्चीवर बसणारा स्वतःही पक्षी पाहणाराच असतो, म्हणजे त्याच्याही नोंदीला 'पाय कोणत्या रंगाचे होते?' हा प्रश्न चुकत नाही. आपल्याकडे ग्रुप ज्याने उघडला तो तहहयात अ‍ॅडमिन, असा वतनदारी रिवाज पडला आहे. तो मोडावा आणि पाळी लावावी. सर्वांत जास्त गुलाब पाठवणाऱ्या सदस्याला महिनाभर अ‍ॅडमिन करून बघा. दुसऱ्याच आठवड्यात तो गुलाबांविरुद्ध इतका कडक होतो की त्याला आवरायला माणूस नेमावा लागतो. हिशेबाची एक अडचण आहे खरी. 1024 जणांच्या ग्रुपात महिन्याला एक याप्रमाणे प्रत्येकाची पाळी यायला 85 वर्षं लागतील. तिघा-तिघांच्या तुकड्या केल्या तर काम 28 वर्षांवर येतं. पहिली तुकडी निवडताना ग्रुपवर विचारावं, कोण तयार आहे? जे ताबडतोब हात वर करतील त्यांची नावं शेवटच्या तुकडीत घालावीत, आणि जो 'छे, मला नाही जमायचं, मी आपला सकाळी तळ्यावर जातो' असं लिहील, त्याला त्याच संध्याकाळी अ‍ॅडमिन करून टाकावं.